सकाळी एक, दुपारी एक: लेझर आणि कॅमेऱ्याने खोली मोजायचं कॅलिब्रेशन

"काय ओ सर, सकाळी एक सांगतंय न् दुपारी एक सांगतंय की हे. पीस तर त्योच हाय, मीच ठेवलाय हितं."

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत क्वालिटीला असलेले मामा हे म्हणाले तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी बनवलेलं लेझर-कॅमेऱ्याचं मशीन पिसातल्या ज्या पॉकेटची, म्हणजे गोल खड्ड्याची, खोली सकाळी दहाला २२.०१ मिमी दाखवत होतं तीच दुपारी तीनला २२.३२ दाखवत होतं. मामांनी खिशातून रुमाल काढला, पीस पुसला, हाताने खोली मोजायचा डेप्थ मायक्रोमीटर लावला, २२.०२. परत लावला, २२.०२. मग काही न बोलता पीस माझ्यापुढे ठेवला. त्याआधी दीड महिना मी पुण्याजवळ भोसरीत बसून हे कॅलिब्रेशन, म्हणजे मशीनचे आकडे खऱ्या मापाशी जुळवायचं काम, केलेलं आणि स्क्रीनवरचे सगळे आकडे सुंदर होते.

लेझर आणि कॅमेरा लावून खोली मोजायची ही पद्धत ऐकायला एकदम सोपी वाटते, म्हणून जे झालं ते सुरुवातीपासून सांगतो. कोणी असंच काही करत असेल तर त्याचा दीड महिना तरी वाचावा.

काम असं होतं. पंपाच्या हाउसिंगमध्ये बेअरिंग बसतं तो पॉकेट, ६२ मिमी व्यासाचा, २२ मिमी खोल, अधिक-उणे ०.१ चालतं. मशीनिंग झाल्यावर प्रत्येक पीस तपासायचा. मामा आणि त्यांच्या हाताखालचा एक पोरगा हाताने तपासायचे, पण शिफ्टला पीस खूप, त्यामुळे दहातला एक तपासला जायचा. फाउंड्रीला शंभर टक्के तपासणी हवी होती. आमचं छोटं ऑटोमेशनचं वर्कशॉप, बजेट कमी, लेझरच्या रेषेने उंची-खोली मोजणारं तयार यंत्र, लेझर प्रोफायलर, परवडणारं नव्हतं, म्हणून मी म्हटलं की मी बनवतो.

तत्त्व सोपंय. पडद्याच्या फटीतून ऊन घरात येतं ना, त्याची पट्टी फरशीवर सरळ असते, पण वाटेत पाट ठेवला की पट्टी पाटावर चढताना मोडते, आणि तुम्ही बाजूने बघत असाल तर किती मोडली त्यावरून पाट किती जाड ते सांगता येतं. लेझरची रेषा म्हणजे ते ऊन, कॅमेरा म्हणजे बाजूने बघणारा डोळा. लेझर वरून सरळ खाली, कॅमेरा त्याच्यापासून १५० मिमी बाजूला, तिरका, पीस ३०० मिमी खाली, म्हणजे दोघांमधला कोन झाला साडेसव्वीस अंशांच्या जवळपास. बऱ्याच जणांनी विचारलं की फोनमध्ये लायडार असतो तसला सेन्सर का नाही लावत. तो प्रकाश जाऊन यायला लागलेल्या वेळावर चालतो, आणि १ मिमी अंतराला प्रकाशाला जाऊन-येऊन फक्त ६.७ पिकोसेकंद लागतात, आम्हाला तर मिलिमीटरचा दहावा हिस्सा हवा होता. इतक्या जवळच्या आणि बारीक मापाला त्रिकोणच बरा.

सामान साधंच. रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरचा ग्लोबल शटर (सगळे पिक्सेल एकाच वेळी टिपणारा) कॅमेरा, त्यातला सेन्सर १४५६ बाय १०८८ पिक्सेल, एकेक पिक्सेल ३.४५ मायक्रॉनचा. १६ मिमीची लेन्स. ६५० नॅनोमीटरचा लाल लाइन लेझर, ५ मिलिवॅटच्या आतला. त्याच लाल रंगापुरता प्रकाश सोडणारा फिल्टर. कॅमेरा आणि लेझर धरणारा ब्रॅकेट मी थ्रीडी प्रिंटरवर पीएलए या प्लास्टिकमध्ये काढला. हा ब्रॅकेट लक्षात ठेवा.

पहिल्यांदा मी कॅलिब्रेशन असं काही केलंच नाही खरं तर. सरफेस प्लेटवर, म्हणजे मापनासाठीच्या अगदी सपाट पाटावर, ५, १०, १५, २० मिमीच्या स्लिप (नेमक्या जाडीच्या पोलादी वड्या) ठेवल्या, रेषा कितव्या पिक्सेलवर दिसते ते लिहून घेतलं, एक्सेलमध्ये सरळ रेषा बसवली आणि खूश झालो. मधोमध ठेवलेला पीस बरोबर यायचा. तोच पीस फ्रेमच्या कडेला सरकवला की ०.६ मिमीचा फरक. कारण कॅमेऱ्यासाठी लांबचं लहान आणि जवळचं मोठं, म्हणजे पिक्सेल आणि उंची यांचं नातं मुळात सरळ रेषेचं नाहीच, शिवाय लेन्स कडेला सरळ रेघ वाकवते. म्हणून दोन कामं वेगळी करावी लागतात: आधी कॅमेरा समजून घ्यायचा, म्हणजे कुठल्या पिक्सेलमधून नजर नेमकी कुठल्या दिशेला जाते ते, आणि मग लेझरचा प्रकाश हवेत कुठल्या प्रतलात पसरलाय ते काढायचं. नजरेची रेघ त्या प्रतलाला जिथे छेदते तो तुमचा बिंदू.

कॅमेऱ्यासाठी सगळे वापरतात ती झेंग्यू झांग यांची पद्धत, २००० सालच्या पेपरमधली. त्याआधी नेमके मोजलेले त्रिमितीय साचे लागायचे, त्यांनी दाखवलं की बुद्धिबळाच्या पटासारखा सपाट नक्षीचा एक कागद वेगवेगळ्या कोनांत धरून फोटो काढले तरी भागतं. ओपनसीव्ही या चित्रांवर काम करायच्या सॉफ्टवेअरमध्ये ते तयारच आहे. मी १२ बाय ९ घरांचा पट काढला, घर ६ मिमीचं, म्हणजे आतले ११ गुणिले ८ असे ८८ कोपरे, कोपऱ्याच्या झेरॉक्सवाल्याकडून ए-फोरवर प्रिंट घेतली, पुठ्ठ्यावर चिकटवली, फोटो काढले. एरर, म्हणजे गणिताने सांगितलेली कोपऱ्यांची जागा आणि फोटोत दिसलेली जागा यांतला फरक, आला ०.९ पिक्सेल. वाईट. ०.३ च्या खाली तरी हवा असतो.

दोन दिवस कोडमध्ये शोधत बसलो. मग सहज पट टेबलावर आडवा ठेवून डोळा कडेला लावून बघितलं तर मधे फुगलेला. जुलै महिना, बाहेर धो धो पाऊस, हवा ओली, पुठ्ठ्याने ओल धरलेली. सपाट असतो हे गृहीत धरून सगळं गणित चाललेलं आणि पटच सपाट नाही. वर व्हर्नियर लावून दहा घरं मोजली तर ६० ऐवजी ५८.२. प्रिंट काढताना फिट टू पेज राहिलेलं. म्हणजे सहाचं घर ५.८२ चं झालं होतं आणि मी प्रोग्रॅमला सहा सांगत होतो.

मग काचवाल्याकडून ५ मिमी जाडीची काच कापून आणली, तिच्या कडा घासून घेतल्या, फ्लेक्सवाल्याकडून मॅट विनाइलवर पट काढून घेतला आणि त्याच्याकडूनच काचेवर बसवून घेतला, ते लोक नंबरप्लेट आणि दुकानांच्या काचा रोज करतात, एकही बुडबुडा राहत नाही त्यांच्या हातून. चकचकीत विनाइल अजिबात घेऊ नका, दिव्याची झाक पडते आणि तेवढे कोपरे जातात. या काचेच्या पटावर एरर थेट ०.१८ वर आला.

आणि इथेच माझी सगळ्यात मोठी चूक झाली, कारण मला वाटलं झालं. एरर लहान म्हणजे कॅलिब्रेशन बरोबर असं नसतं हे मला कोणी ठणकावून सांगायला हवं होतं. मी दुसऱ्या दिवशी नवीन फोटो घेऊन परत कॅलिब्रेशन केलं, फक्त बघायला, एरर परत ०.२, पण फोकल लेंथ, म्हणजे लेन्स आणि सेन्सरमधलं अंतर पिक्सेलमध्ये मोजलेलं, पहिल्या दिवशी ४५०० आलेली ती आता ५२००. लेन्स तीच, कॅमेरा तोच. दोन्ही दिवशी मी पट कॅमेऱ्यासमोर जवळजवळ सरळ धरून फोटो काढले होते. पट समोरून सरळ धरला की तो मोठी फोकल लेंथ आणि लांब आहे का लहान फोकल लेंथ आणि जवळ आहे, हे गणिताला वेगळं करता येत नाही, दोन्हींत फोटो सारखाच दिसतो. पट तिरका केला की जवळची घरं मोठी आणि लांबची बारीक होतात, त्या फरकातून फोकल लेंथ पक्की होते. तेव्हा तीस-पस्तीस अंश तिरका, डावीकडे, उजवीकडे, वर, खाली, फ्रेमच्या चारही कोपऱ्यांत पट जाईल असे तीसेक फोटो काढले. तीन वेळा सगळं पहिल्यापासून केलं, तिन्ही वेळा ४८६० च्या आसपास. गंमत बघा, कागदावर १६ मिमी भागिले ३.४५ मायक्रॉन म्हणजे ४६३८ यायला हवेत. मी एक दिवस त्यातही चूक शोधत होतो, पण ती चूक नाही, इतक्या जवळ फोकस केलं की लेन्स सेन्सरपासून थोडी पुढे सरकते, पाचेक टक्के फरक पडतोच. आकड्यामागे कारण सापडलं की फार बरं वाटतं.

यानंतर लेन्सच्या फोकसच्या आणि अॅपर्चरच्या रिंगवरचे बारीक स्क्रू घट्ट केले आणि वर नेलपॉलिशचा ठिपका दिला. त्या रिंगला नंतर हात लागला की आधीचं सगळं पाण्यात.

फिल्टरचं एक सांगायचं राहिलं. मी कॅमेरा कॅलिब्रेट केला फिल्टर न लावता आणि मग लेझरसाठी फिल्टर लावला. फिल्टर म्हणजे काचच, ती लेन्सपुढे आली की प्रकाशाची वाट थोडी बदलते. ज्या अवस्थेत मोजायचं त्याच अवस्थेत कॅलिब्रेट करायचं, म्हणून फिल्टर लावून परत करायला गेलो तर पट काळाकुट्ट, काही दिसेना, कारण आपल्या पांढऱ्या एलईडीत ६५० च्या आसपासचा लाल फारच कमी. शेवटी घरात रोपं वाढवायला लावतात ते ६६० नॅनोमीटरचे ग्रो लाइट आणले, त्यांचा बराचसा प्रकाश फिल्टरमधून जातो, आणि लख्ख पट दिसला.

आता लेझर. पट ठेवायचा, ग्रो लाइट चालू करून एक फोटो, त्यातून पट हवेत कुठे आणि किती तिरका आहे ते कळतं. मग पट न हलवता लाइट बंद, लेझर चालू, दुसरा फोटो, त्यात फक्त लाल रेघ. रेघेवरचे बिंदू पटाच्या प्रतलात आहेत हे माहीत, पट कुठे आहे हेही माहीत, म्हणजे त्या बिंदूंचं त्रिमितीय स्थान मिळालं. असं वीस वेगवेगळ्या उंचींवर केलं की लेझरच्या प्रतलावरचे हजारो बिंदू जमतात, त्यांतून एक प्रतल बसवायचं.

रेघेचा मध्य कुठे ते काढणं हा या कामाचा जीव आहे. माझ्या सेटअपमध्ये एक पिक्सेल म्हणजे उंचीत साधारण ०.१५ मिमी. नुसते पूर्ण पिक्सेल मोजत बसलो तर ०.१ कधीच मिळणार नाही. पण रेघ सात-आठ पिक्सेल जाड दिसते, मधे उजळ आणि कडांना फिकी, त्या उजेडाचा गुरुत्वमध्य काढला की पिक्सेलच्या दहाव्या भागापर्यंत जाता येतं, म्हणजे पंधरा मायक्रॉन. मात्र त्यासाठी रेघ जळालेली नको. मी आधी रेघ छान ठसठशीत दिसावी म्हणून एक्स्पोजर जास्त ठेवलेलं, सगळे मधले पिक्सेल २५५ वर, म्हणजे उजेडाच्या कमाल आकड्यावर, अडकलेले, मग मध्य कुठे ते काढणार कसं, वरचं टोक कापलेल्या डोंगराचा माथा शोधण्यासारखं आहे ते. एक्स्पोजर कमी करून सगळ्यात उजळ पिक्सेल २०० च्या आसपास आणला, रेघ डोळ्याला मरगळलेली दिसते पण आकडे स्थिर होतात. लेझरला एक जात्याच दोष असतो, खडबडीत पृष्ठभागावर त्याचा प्रकाश दाणेदार दिसतो, रेघेच्या कडा किड्याने खाल्ल्यासारख्या, त्याला स्पेकल म्हणतात. तो पूर्ण जात नाही, पण रेघेच्या लांबीवरच्या बऱ्याच बिंदूंची सरासरी घेतली की त्रास कमी होतो. पॉकेटचा तळ सपाट असल्यामुळे आम्हाला ते जमलं.

लेझरची रेघ आधी मी सरळ पटाच्या काळ्या-पांढऱ्या घरांवरच पाडत होतो. प्रतल बसवून प्रत्येक बिंदू प्रतलापासून किती लांब आहे त्याचा आलेख काढला तर त्यात चक्क पायऱ्या, दर ६ मिमीला. फोटो मोठा करून बघितला. जिथे काळं घर संपून पांढरं सुरू होतं तिथे रेघेचा अर्धा भाग काळ्यावर आणि अर्धा पांढऱ्यावर, पांढरी बाजू जास्त उजळ, म्हणून गुरुत्वमध्य पांढऱ्याकडे सरकतो. प्रकाश जागेवरच आहे, फसतं ते आपलं गणित. त्यावर उपाय एवढाच की घरांच्या नक्षीला लागून १५ मिमीची कोरी पांढरी पट्टी ठेवून नवीन विनाइल काढलं आणि रेघ कायम त्या पट्टीवर पाडली. पायऱ्या गेल्या. पायऱ्या गेल्यावर त्यांच्याखाली लपलेली दुसरी गोष्ट दिसली, आलेख मधे किंचित वर आणि दोन्ही टोकांना खाली, धनुष्यासारखा. म्हणजे लेझरचं प्रतलच खरं प्रतल नव्हतं, स्वस्तातल्या मोड्यूलची रेघ किंचित वाकलेली असते. पॉवेल लेन्सचा (लेझरला सारख्या उजेडाच्या रेघेत पसरवणाऱ्या लेन्सचा) मोड्यूल मागवला, महाग पडला, पण त्यात उजेडही टोकापर्यंत सारखा मिळतो, आणि बिंदू प्रतलापासून सरासरी ०.०३ मिमीच्या आत आले.

आता खरी परीक्षा. ज्या पटावर कॅलिब्रेशन केलं त्याच पटावर तपासून काही कळत नाही, तो तर आपल्याच बाजूने साक्ष देणार. काहीतरी बाहेरचं लागतं. आमच्याकडे जुन्या स्लिप गेजचा सेट होता. ज्यांनी हाताळल्या नाहीत त्यांच्यासाठी सांगतो, या पोलादाच्या चौकोनी वड्या असतात, इतक्या सपाट की दोन वड्या पुसून एकमेकींवर दाबून सरकवल्या की चिकटतात, उचलल्या तरी सुटत नाहीत. स्वीडनच्या योहान्सन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी काढलेली ही युक्ती, आणि अजून दुनियेतलं मापन त्यावर उभं आहे. मला त्या हातात घ्यायला आवडतात. थंड लागतात, आकाराच्या मानाने जड, आणि बोटांचा घाम राहिला तर गंजतात म्हणून मोजे घालून धरायच्या.

पण स्लिप आरशासारखी असते, लेझर तिच्यावर पडून भलतीकडेच जातो, कॅमेऱ्याला रेघ दिसतच नाही. आमच्या वेल्डिंगवाल्याने सुचवलं, डीपी (डाय पेनिट्रंट) टेस्टला तडे शोधताना जो पांढरा डेव्हलपर मारतात त्याचा स्प्रे मार. मस्त मॅट थर बसतो. थराला स्वतःची जाडी असते, काही शतांश मिलिमीटर, म्हणून नुसत्या स्लिपवर न मारता स्लिप आणि खालची प्लेट दोन्हींवर एकाच हाताने सारखा मारायचा, आपल्याला दोघांमधला फरक हवा असतो, थर दोन्हीकडून वजा होतो. चांगल्या सेटवर हे करू नका, जुना वर्कशॉपचा घ्या आणि नंतर लगेच पुसून तेलाचा हात द्या.

५ ची स्लिप आली ४.९८५, १० ची ९.९७, २० ची १९.९४.

०.१ च्या आत होतं. कोणीही म्हणालं असतं की चला झालं, मीही जवळजवळ म्हणालोच होतो. पण तिन्ही आकडे कमीच होते आणि उंची दुप्पट झाली की चूकही दुप्पट होत होती. इकडेतिकडे पसरलेली चूक असती तर ती स्पेकल, तो गोंगाट, पण इतकी शिस्तीत वाढणारी चूक म्हणजे मोजपट्टीच ताणलेली. परत पटावर व्हर्नियर लावला, दहा घरं ६०.१८. दुसऱ्या दिशेने, तेवढंच. हा नवीन पट मी मोजलाच नव्हता, पहिला मोजला होता आणि मनात पट मोजलाय असंच बसलं होतं. ०.३ टक्के घर मोठं, ०.३ टक्के रिडिंग कमी. प्रोग्रॅममध्ये ६ च्या जागी ६.०१८ लिहिलं, सगळं परत चालवलं, २० ची स्लिप २०.००५ आली, डावीकडे, मधे, उजवीकडे तीनही जागी ०.०२ च्या आत. त्या रात्री वर्कशॉप बंद करून निघताना मी दिवा परत लावून अजून एकदा रिडिंग घेतलं होतं.

मग कोल्हापूर. पीस ठेवला, काही अडचणी तिथेच कळल्या. पॉकेट खोल असला की कॅमेरा तिरका असल्यामुळे जवळची भिंत तळ झाकते, आमच्या कोनात २२ मिमी खोलीला जवळजवळ ११ मिमी. गोल पॉकेटमध्ये रेघ बरोबर व्यासावरून नेली तर कॅमेऱ्याच्या दिशेची भिंत मधे रेघेपासून ३१ मिमी दूर असते, त्यामुळे रेघेची फक्त टोकाची दोनेक मिलिमीटर झाकली जातात, ते चालतं. शेजारी एक १४ मिमी रुंदीचा खाचा होता त्यात मात्र काहीच दिसेना, तेव्हा पीस धरणारं फिक्स्चर नव्वद अंशांनी फिरवलं जेणेकरून कॅमेरा खाच्याच्या लांबीच्या दिशेने बघेल. मशीनिंग केलेल्या भिंतीवरून लेझर उडून तळावर दुसरी फिकी रेघ पडते, तिच्यासाठी प्रोग्रॅममध्ये उजेडाची अट घातली. आणि चकचकीत पृष्ठभागावरून उडालेला लेझर माणसाच्या डोळ्यात जाऊ नये म्हणून पूर्ण सेटअपला पत्र्याची पेटी केली, लेझर ५ मिलिवॅटचा असला तरी तिथे दिवसभर माणसं उभी असतात.

सकाळी सगळं छान चाललं. दुपारी मामांनी ते वाक्य म्हटलं.

मी आधी पिसावर, मग लाइटवर, मग सॉफ्टवेअरवर संशय घेतला. मामा शांतपणे एवढंच म्हणाले, "पीस बदलला न्हाई, मापं घेणारं काहीतरी बदललंय. हात लावून बघा की जरा." आणि त्यांनी स्वतः पेटीत हात घालून लेझरच्या ब्रॅकेटला बोट लावलं. "गरम लागतंय बघा ह्ये."

खरंच गरम होतं. वरती पत्र्याचं छप्पर, जुलैत नेमकी त्या दिवशी उघडीप मिळून कडक ऊन पडलेलं, बाजूला भट्टीचा भाग, त्यात मी पत्र्याची पेटी करून आतला वारा बंद केलेला आणि लेझर मोड्यूल आत स्वतः तापतोय. पीएलए साठ अंशांच्या आसपास तर मऊच पडतं, त्याच्या बरंच आधीपासून लोडखाली हळूहळू वाकायला लागतं, आणि तापून फुगतंही अॅल्युमिनियमच्या तिप्पट. किती वाकलं असेल? तिथेच वहीत गणित केलं. लेझर ०.१ अंशाने कलला तर ३०० मिमी खाली रेघ अर्धा मिलिमीटर सरकते, आणि आमच्या त्रिकोणात तेवढ्याने उंची एक मिलिमीटरने चुकते. आमची चूक ०.३ मिमीची, म्हणजे कलला होता फक्त ०.०३ अंशाने. ते डोळ्याला कधीच दिसणार नाही, बोटाला फक्त ऊब लागते.

भोसरीत वर्कशॉपमध्ये पावसाळी हवेत दिवसभर एकच तापमान, म्हणून मला हे कधी दिसलंच नव्हतं. कॅलिब्रेशन म्हणजे मी कॅमेऱ्याचे आणि लेझरचे आकडे समजत होतो, पण ते आकडे दोघांना धरून ठेवणाऱ्या त्या वस्तूचेही असतात, ती हलली की फाइलमधले सगळे आकडे कालच्या वस्तूचे.

परत आल्यावर १२ मिमी जाडीच्या अॅल्युमिनियमच्या एकाच प्लेटमधून पूर्ण बॉडी मिलिंगवर काढली, कॅमेरा आणि लेझर दोन्ही त्याच प्लेटवर, प्रत्येकाला जागा पक्की करणाऱ्या डॉवेल पिन, स्क्रूच्या भरवशावर काही नाही. अॅल्युमिनियमही वाढतं, १५० मिमीला दहा अंशांत ३५ मायक्रॉन, पण सगळं एकाच तुकड्यावर असल्यामुळे बरंचसं सरळ वाढतं, वाकत नाही. पेटीला खालून-वरून हवा जायला झरोके केले. लेझर चालू केल्यावर पहिली वीस मिनिटं रिडिंग घ्यायचंच नाही अशी सोय प्रोग्रॅममध्ये टाकली, कारण मोड्यूल तापून स्थिर होईपर्यंत रेघ हळूहळू सरकते, हे मी नंतर दर मिनिटाला एक फोटो घेऊन बघितलं आणि वीस मिनिटांनंतर आलेख आडवा झालेला स्वच्छ दिसत होता. मग नव्या बॉडीवर सगळं कॅलिब्रेशन पहिल्यापासून, पण या वेळेला एक दिवसात झालं.

आणि मामांच्या सांगण्यावरून एक मास्टर, म्हणजे माप आधीच पक्कं माहीत असलेला नमुना, बसवला. कॅमेऱ्याच्या दृष्टीच्या एका कडेला, जिथे पीस येत नाही तिथे, २० मिमीची एक पायरी, त्यांच्याच टूलरूममध्ये ग्राइंड करून मॅट केलेली, मापाचा दाखला एनएबीएलची (लॅबना मान्यता देणाऱ्या बोर्डाची) मान्यता असलेल्या लॅबमधून घेतलेला. प्रत्येक पीस मोजताना आधी मास्टर मोजला जातो. तो ०.०३ पेक्षा जास्त हलला की मशीन लाल दिवा लावून थांबतं आणि पिसाचं रिडिंग देतच नाही. मामांचं म्हणणं होतं की कुठलंही गेज शिफ्टच्या सुरुवातीला मास्टरला लावूनच हातात घ्यायचं, त्यांनी तीस वर्षं तेच केलंय, कॅमेरा लावला म्हणून त्याला वेगळा नियम कशाला.

दुसऱ्यांदा गेलो तो ऑगस्टचा शेवट. सकाळी नऊपासून संध्याकाळी सहापर्यंत तोच पीस दर तासाला ठेवला, शेजारी मामा डेप्थ मायक्रोमीटर घेऊन. सगळी रिडिंगं त्यांनी त्यांच्या वहीत पेनने लिहिली, डावीकडे त्यांचं, उजवीकडे मशीनचं. सगळ्यात मोठा फरक ०.०४. दुपारी तीनला ते स्वतःहून पेटीत हात घालून प्लेटला बोट लावून आले, मग पीस ठेवला, २२.०३ आलं, त्यांचं २२.०२.

आता तिथे तीन शिफ्टला चालू आहे. पॉवर गेली आणि आली की वीस मिनिटं थांबावं लागतं याची तक्रार आहे, ती रास्त आहे, मोड्यूलच्या मागे तापमान धरून ठेवणारा एक छोटा हीटर लावून ती वेळ कमी करता येते का ते बघतोय. त्या १४ मिमीच्या खाच्यासाठी दर वेळी फिक्स्चर फिरवायला लागू नये म्हणून नव्वद अंशांत वळवलेली लेझर-कॅमेऱ्याची अजून एक जोडी बसवायचीय, प्लेटवर तिच्या डॉवेलची भोकं आधीच मारून ठेवलीत. पट मात्र आता कपाटात कापडात गुंडाळून आडवा ठेवतो, आणि बाहेर काढला की सगळ्यात आधी दहा घरं मोजतो.